चिमणीच्या तोंडावर चार मिनिटं

सूर्य पूर्वेला उगवतो, हे वाक्य मी सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहितोय. भूगोलाच्या मास्तराला दुसरं काय सुचणार? पण आता त्यात थोडी भर घालायची वेळ आलीय. आमच्या श्रीगोंदे तालुक्यात सूर्य पूर्वेला उगवतो खरा, पण त्याला आधी लेखी परवानगी लागते, मग मांडव लागतो, आणि प्रमुख पाहुणे आल्याशिवाय त्याने वर यायचं नसतं. हे पुस्तकात नाही. मी स्वतः डोक्याला फेटा आणि मांडीवर नारळ घेऊन शिकलोय.

सुरुवात शेजारच्या गोरक्षनाथकाकांनी केली. काका म्हणजे आमच्या नदीकाठच्या साखर कारखान्याचे जुने बॉयलरवाले. एकतीस वर्षं त्यांनी त्या बॉयलरच्या पोटात उसाचा भुसा घातला. घरातल्या चुलीपुढं ते कधी बसले नसतील, पण बॉयलरला ताप आला तर यांना घरी घाम फुटायचा. आता वय अठ्ठ्याहत्तर. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "सर, चिमनी पाडनार म्हनं."

जुनी चिमणी पाडणार हे मला ठाऊक होतं. पलीकडं नवीन बॉयलर झालाय, त्याची नवी चिमणी जुनीपेक्षा दीडपट उंच आहे. हंगामाचा पट्टा पडला, म्हणजे शेवटचा ऊस गाळून झाला, की जुनीचं काम संपलं. आणि पट्टा पडायला उरले होते नऊ-दहा दिवस.

"आन मी बी चाललोय," काका म्हणाले. "पोरगा चाकनला न्यायचं म्हनतोय. चिमनी काय टेम्पोत बसत न्हाई. तिचा धूर निघताना एक फोटू काढून द्या. रातपाळी सुटली की मी पल्याडच्या बांधावर बिडी वढत बसायचो. ह्या टायमाला आठ-धा दिस सूर्य बरोबर चिमनीच्या तोंडावर येऊन टेकतोय. तसला पायजे."

आता कुणी म्हणेल, एक फोटो तर काढायचा, त्यात काय मोठं? तर मला त्याचं एवढं ओझं का वाटलं, ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो.

अठरा वर्षांपूर्वी काका निवृत्त झाले तेव्हा कारखान्यात त्यांचा निरोप समारंभ झाला होता. तेव्हा माझ्याकडे रोलचा कॅमेरा होता आणि गावात माझा त्या बाबतीत दरारा होता. काकांचे फोटो मी काढले. झडपेवर हात ठेवून, बॉयलरच्या दारापाशी उभं करून, चिमणीकडे मान वर करून. छत्तीसचा रोल होता. छत्तीस झाले, अडतीस झाले, एक्केचाळीस झाले तरी कॅमेरा खटाखट चालूच. रोलवाल्या कंपनीचा मनाचा मोठेपणा बघून मला भरून आलं होतं. घरी येऊन उघडून बघतो तर रोलचं टोक चाकात अडकवलंच नव्हतं! रोल जागचा हललाच नव्हता. एक्केचाळीस फोटोंपैकी एकही निघालेला नव्हता.

खरं सांगायची हिंमत झाली नाही. काकांनी विचारलं तेव्हा म्हणालो, "नगरला धुवायला दिलाय." महिन्याने विचारलं, म्हणालो, "त्यांचं मशीन बिघडलंय." दोन वर्षं ते अधूनमधून विचारत राहिले, मग त्यांनी विचारायचं सोडून दिलं. मला मात्र त्यांच्या घरावरून जाताना रोज त्या रोलची आठवण येते. काकांच्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो आहेत, अगदी मेलेल्या बैलाचासुद्धा आहे. बॉयलरपुढचा त्यांचा स्वतःचा नाही.

तर काकांनी फोटो मागितला आणि मी म्हणालो, "काका, काढला म्हणून समजा!" इतक्या जोरात म्हणालो की आतून माझी बायको राजेश्वरी बाहेर आली.

त्या रात्री मला झोप लागेना. आमची लेक दिशा पुण्याला नोकरी करते. तिने दिलेला डिजिटल कॅमेरा आठ महिने कपाटात साड्यांखाली होता, तो बाहेर काढला. दुसऱ्या दिवशी नकाशा पसरला, कोनमापक घेतला, दोरी घेतली. भीमेचं फुगवट्याचं पाणी आमच्या ओढ्यात शिरलंय, त्याच्या पूर्वेला कारखाना आणि पश्चिमेला काकांचा तो बांध. हिशोब असा निघाला: सूर्य सहा बावन्नला उगवणार, तिरका तिरका वर चढत सात सोळाला चिमणीच्या तोंडावर येणार आणि जेमतेम चार मिनिटं तिथं राहणार. तेही एकाच जागेवरून. दहा पावलं उजवीकडे सरकलात तर सूर्य मळीच्या टाकीवर. असा आनंद मला बी.एड.च्या निकालालाही झाला नव्हता. बांधावर जाऊन त्या जागेवर मी शाळेतली मैदान आखायची फक्की घेऊन ठसठशीत फुली मारून आलो. ती फुली पुढं मला फार महागात पडली.

पहिल्या दिवशी पहाटे स्टँड लावतोय तोच मागून शिट्टी वाजली. कारखान्याचा वॉचमन सूर्यभान. हा माझाच विद्यार्थी, भूगोलात दोनदा नापास.

"सर, हितं फोटो काढायला परवानगी लागती."

"अरे, मी सूर्याचा काढतोय."

"सूर्याचा काढा की. पन मधी कारखाना येतोय."

मी स्टँड मिटला. घरी आलो तर राजेश्वरी म्हणाली, "परवानगी कशाला मागत बसताय? सूर्यभान सातला चहाला जातो, तेवढ्यात काढून या." पण मी कायद्याने चालणारा माणूस. बिगर परवानगीचा फोटो माझ्या हातून निघणार नाही, असं मी तिला बाणेदारपणे सांगितलं. ती नुसतं "बरं" म्हणाली. तिचं "बरं" मला कधीच आवडलेलं नाही.

अर्ज लिहून कारखान्याच्या ऑफिसाकडे निघालो, तर वाटेत अजिनाथने अडवलं. अजिनाथचा बसस्टँडपाशी फोटो स्टुडिओ आहे, फ्लेक्सही तोच छापतो. "सर, एवढ्या पहाटं कशाला उठताय? चिमनीचा फोटो दुपारी काढा, सूर्य मी टाकतो. कन्याकुमारीचा हाय, महाबळेश्वरचा हाय. गोव्याचा तर कालच आलाय, लई लाल हाय." मी त्याला फोटोग्राफीतल्या सत्यावर दहा मिनिटं ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग गोव्याचा राखून ठिवू का?"

कारखान्याच्या ऑफिसात कामगार कल्याण विभागाचे बिभीषणराव भेटले. अत्यंत सज्जन माणूस. माझा सगळा त्रास त्यांच्या सज्जनपणातून झालाय. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "सर, एकट्या माणसाला फोटो काढू द्यायचा, असा रकानाच नाही आमच्या रजिस्टरला. 'अभ्यागत' आहे, 'सहल' आहे, 'कार्यक्रम' आहे."

"सहल लिहा मग."

"सहलीला कमीत कमी वीस विद्यार्थी लागतात. त्यापेक्षा कार्यक्रम लिहू. कार्यक्रमाला लगेच मंजुरी आहे."

आणि मी, गाढवाने, मान हलवली.

दोन दिवसांनी घरी निमंत्रणपत्रिका आली. 'जुन्या चिमणीचा कृतज्ञता सोहळा व सूर्योदय छायाचित्रण समारंभ. प्रमुख पाहुणे: संचालक मा. राधाकृष्ण तात्या. सत्कारमूर्ती: मा. कल्याण सर.' म्हणजे मी. आणि खाली ठळक अक्षरात: 'सूर्योदय: सकाळी ठीक ८.३० वाजता.'

मी पायात दोन वेगवेगळ्या चपला घालून ऑफिसात पळत गेलो.

"बिभीषणराव, अहो, सूर्य साडेआठला कसा उगवेल?"

"तात्यांना त्याच्या आधी जमत नाही, सर."

"पण सूर्य सहा बावन्नला उगवतो!"

"छापून झालंय हो," ते कळवळून म्हणाले. मग माझा चेहरा बघून त्यांनाच दया आली. तात्यांना फोन लावला, बरंच 'हो जी, हो जी' झालं, आणि त्यांनी फोन ठेवून मला आनंदाची बातमी दिली. "सूर्योदय साडेसहावर आणला, सर! तात्या तुमच्यासाठी लवकर येतायत. फक्त पंधरा-वीस मिनिटं मागंपुढं झाली तर सांभाळून घ्या."

मी सांभाळून घ्यायला सूर्याला कुणाकरवी निरोप धाडणार होतो, देव जाणे.

तारीख ठरली ती नेमकी पट्टा पडायच्या दिवसाची. म्हणजे दुसऱ्या दिवशी धूर नाही आणि चार दिवसांनी चिमणी नाही. एकच सकाळ हातात. काका मात्र खुशीत होते. त्यांनी नवं धोतर काढून ठेवलं आणि मला म्हणाले, "सर, त्या दिशी मला फुडं बसवा. दिसतंय कमी."

त्या सकाळी सहाला मी बांधावर पोचलो आणि जागीच खिळलो. माझी फुली गायब होती. फुलीच्या जागी भलंमोठं स्टेज होतं. स्टेजवर गादीचे सोफे, समई, माईक. आणि मागं, पाण्याच्या बाजूला, या बांबूपासून त्या बांबूपर्यंत अजिनाथचा वीस फुटी फ्लेक्स! त्यावर गोव्याचा लालभडक सूर्य समुद्रातून उगवत होता, दोन्ही बाजूंना नारळाची झाडं, मधे आमची चिमणी चिकटवलेली आणि वर सगळं संचालक मंडळ गोल गोल चौकटीत. खरा कारखाना, खरं पाणी, खरी पूर्व त्या फ्लेक्सच्या मागं ठार झाकली गेली होती.

"हे इथं कुणी उभं केलं?" मी ओरडलो.

मांडववाला म्हणाला, "सायबांनी सांगितलं, सरांनी फुली मारल्याली हाय, तितंच स्टेज घ्या."

मी फ्लेक्सच्या मागं जाऊन उभं राहावं म्हटलं, तर मागं वीतभर जागा आणि खाली पाणी. तेवढ्यात दोघांनी मला दंडाला धरून स्टेजवर नेलं, कारण सत्कारमूर्ती खाली हिंडत असलेला बरा दिसत नाही. मला मधल्या सोफ्यावर बसवलं. फेटा बांधला. बांधणाऱ्याला माझ्या डोक्याचा अंदाज आला नसावा, कारण फेटा थेट भुवयांवर येऊन बसला. अंगावर शाल, गळ्यात हार, हाराखाली कॅमेरा, मांडीवर नारळ. न काढलेल्या फोटोसाठी सत्कार झालेला मी जिल्ह्यातला पहिलाच इसम असेन! समोर तीनशे खुर्च्या भरलेल्या. पहिल्या रांगेत नव्या धोतरातले गोरक्षनाथकाका आणि त्यांच्या शेजारी राजेश्वरी. ती माझ्याकडे बघत नव्हती. ती खांद्याने हसत होती.

सहा बावन्न झाले. माझ्या पाठीमागं सूर्य उगवला. समोरच्या लोकांनी फ्लेक्सवरचा सूर्य बघितला.

सात वाजता तात्या आले. समई पेटेना, वारा होता. स्वागत झालं, प्रास्ताविक झालं, चिमणीच्या फोटोला हार झाला. सात आठ. मी बिभीषणरावांच्या कानात म्हणालो, "अहो, आता फ्लेक्स काढा, आठ मिनिटं उरलीत!" ते म्हणाले, "तात्यांचं मनोगत होऊ द्या, सर. छोटंच आहे." मी उठायला लागलो की ते माझी शाल नीट करायच्या निमित्ताने मला खाली दाबायचे. तात्या सुरू झाले, "सूर्य आणि आपला कारखाना यांच्यात एक साम्य आहे..."

सात अकरा. काका पहिल्या रांगेतून मान लांब करून फ्लेक्सच्या कडेनं काही दिसतंय का बघत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. अठरा वर्षांनी पुन्हा तेच. पुन्हा मी, पुन्हा समारंभ, पुन्हा कॅमेरा, आणि पुन्हा काकांच्या हातात काही नाही. आता काय सांगणार, सूर्य नगरला धुवायला दिलाय?

तेवढ्यात डाव्या बाजूला आरडाओरडा सुरू झाला. झालं होतं असं, की बांधाच्या कडेनं कारखान्याला जायची गाडीवाट आहे, आणि मांडवाचे ताणे, म्हणजे बांबूंना तोलून धरणारे दोर, त्या वाटेच्या आरपार बांधले होते. उसाच्या बैलगाड्यांची रांग पार वडापर्यंत खोळंबली होती. सगळ्यांत पुढच्या गाडीवर जामखेडकडची ऊसतोडणीवाली बायडाबाई, उसाच्या ढिगावर उभी, हातात कोयता.

"आरं ये मांडववाल्या! बैलं कव्हाची ताटकळलीत! वाट सोड!"

बिभीषणराव माईकवरूनच नम्रपणे म्हणाले, "ताई, दहा मिनिटं. कार्यक्रम चालू आहे."

"आमचा बी कार्यक्रम चालू हाय, चार म्हैनं झालं! आज शेवटची खेप हाय. मला सांजच्याला घरला जायाचंय, लेकरं वाट बघत्यात. सोडतूस का तोडू?"

कुणी उत्तर देण्याच्या आत ती गाडीवरून उतरली आणि चार महिने ऊस तोडलेल्या हाताने एका घावात तो दोर तोडला. मग दुसरा.

फ्लेक्स आधी थोडा विचारात पडल्यासारखा झुकला. मग सगळं संचालक मंडळ, नारळाची झाडं आणि गोव्याचा सूर्य माझ्या डोक्यावरून धाडकन पुढं गेले आणि माईकपाशी तात्या आणि बिभीषणराव दोघांच्या अंगावर पांघरले गेले. माईक चालू होता. फ्लेक्सखालून तात्यांचा आवाज येतच राहिला, "...आणि म्हणून सभासद बंधूंनो..."

मी मागं वळलो. बापरे! काय सांगू तुम्हाला! समोर सगळं पाणी पेटल्यासारखं झालेलं, त्यात कारखाना उलटा पडलेला, आणि जुन्या चिमणीच्या तोंडाखाली बोटभर अंतरावर सूर्य. आणि मी कुठं उभा? बरोबर माझ्या फुलीवर! वर चार फूट उंच स्टेज. एवढी अचूक जागा मला साता जन्मात मिळाली नसती. मांडीवरचा नारळ कधीच घरंगळत पाण्यात पडला होता. कॅमेरा डोळ्याला लावला.

अंधार. मिट्ट अंधार.

बॅटरी गेली? कॅमेरा गेला? मी बटणं दाबतोय, फेटा डोळ्यावर येतोय, आणि सूर्य चढतोय. तेवढ्यात पहिल्या रांगेतून बॉयलरच्या आवाजावर मात करायची सवय असलेला एक आवाज आला.

"सर! झाकान! म्होरचं झाकान काढा!"

मग तीनशे लोक ओरडायला लागले, "झाकण! झाकण!" राजेश्वरीचा आवाज त्यात सगळ्यांत वरचा होता. मी झाकण ओढलं, फेटा भिरकावला. सात सोळा. सूर्य चिमणीच्या तोंडावर येऊन टेकला, धुराचा लोट त्याच्यावरून निघाला, आणि नेमकी तेव्हाच बायडाबाईची गाडी बांधाच्या वळणावर, सूर्याच्या खाली आली. बैलांची शिंगं, उसाची शेंड्याकडची वाढं, आणि वर कोयता घेऊन उभी असलेली ती, सगळं काळंभोर, मागं सोनं. मी दाबत सुटलो. चार मिनिटं मी श्वास घेतला की नाही, आठवत नाही. संपल्यावर पडद्यावर मोजून बघितलं, एकेक फोटो उघडून बघितला, कार्ड काढून डोळ्यांनी बघितलं, परत घातलं. मग स्टेजवर तिथंच फतकल मारून बसलो आणि मोठ्यांदा हसायला लागलो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फ्लेक्सखालून तात्याही म्हणाले, "धन्यवाद, धन्यवाद."

त्या फोटोचं पुढं कौतुक झालं का विचाराल, तर कारखान्याच्या अहवालात अजिनाथने मोबाईलवर काढलेला फोटो आला, त्यात मी फेटा फेकताना आहे आणि खाली लिहिलंय, 'सूर्योदय समारंभातील उत्साही क्षण'. असू दे. मी चिडलेलो नाही. मी फक्त अजिनाथकडून पासपोर्टचे फोटो काढून घेणं बंद केलंय.

काकांसाठी मी मोठ्ठी प्रत काढून आणली, काच लावून. ते चाकणला निघाले त्या दिवशी सकाळी नेऊन दिली. दारात टेम्पो भरत होता. काकांनी चष्मा पुसला, फोटो उन्हाला धरला आणि किती तरी वेळ बघत राहिले. मी वाट बघत होतो, की म्हणतील, काय सूर्य घेतलाय, काय सोनं पसरलंय.

"हवा कमी दिल्याली हाय," काका म्हणाले.

"काय?"

"धूर बगा की, काळा निघालाय. भुसा नीट जळत न्हाई. मी आसतो तर आसला धूर निघू दिला नसता." मग त्यांनी काचेवरून, चिमणीच्या बुडापासून तोंडापर्यंत, बोट फिरवलं. "पन तिचाच हाय. तिचाच."

सगळं सामान टेम्पोत मागं गेलं. फोटो काकांनी मागं टाकू दिला नाही. ड्रायव्हरशेजारी बसून मांडीवर उभा धरला. टेम्पो सुरू झाला तशी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढून मला जवळ बोलावलं.

"सर," ते हळूच म्हणाले, "लई येळ लागला, पन रोल आला म्हनायचा धुऊन."

टेम्पो वळणावर जाईपर्यंत मी तिथंच उभा होतो. राजेश्वरी मागून येऊन म्हणाली, "चला आता. रोल कोराच होता, हे त्यांना पहिल्या महिन्यापासून माहीत होतं."